ठेवीचे मासे

ज्या दिवशी अमेरिकेतली लढाई संपल्याची तार अकोल्यात आली, त्या दिवशी कापसाचा भाव पडला. त्यानंतर आठवड्याभरात मुंबईच्या कंपनीचा साहेब गाव सोडून गेला. जाण्यापूर्वी त्याने एक काचेची पेटी आमच्या घरमालकांच्या ओसरीवर आणून ठेवली. पेटीत समुद्राचे पाणी होते आणि पाण्यात मासे होते.

घरमालकांना जाऊन आता महिना झाला. त्यांच्याविषयी काही लिहून ठेवावे असे मनात आहे, पण लिहायला बसलो की मासेच आधी येतात. ते त्यांना आवडले असते असे नाही. ते म्हणाले असते, "मास्तर, आधी मापारी लिवा, मंग मासे."

तर आधी मापारी. साहेबाच्या आवारात कापसाचा मोठा काटा होता आणि घरमालक त्या काट्यावर होते. त्यापूर्वी अमरावतीच्या बाजारात ते हेच काम करीत. वजनाबाबत त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता. त्यात ते स्वतःही आले. "तोंडानं सांगू नका, पारड्यात ठेवा," असे ते भाजीवालीला म्हणत, जावयाला म्हणत, आणि एकदा कथेकऱ्यालाही म्हणाले होते.

मी शाळेवर नेमणूक होऊन अकोल्यास आलो आणि त्यांची ओसरीलगतची खोली घेतली, तेव्हा त्यांनी मला काट्यावर नेऊन माझे वजन केले. मला वाटले, ही वऱ्हाडातली काही रीत असेल. तसे नव्हते. भाडेकरू ही त्याच्या आईबापांनी ठेवलेली ठेव असते आणि ठेव घेताना वजन करून घ्यायचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोकणात घरी जायला निघालो की ते पुन्हा वजन करीत. एका वर्षी मी तापाने उतरलो होतो. त्या वर्षी त्यांनी मला जाऊच दिले नाही. "असा कमी झालेला मानूस परत कसा करू?" ते म्हणाले, आणि मालकीणबाईंनी मला दूधभात घालून घालून पूर्वीच्या वजनावर आणल्यावर मग मला निरोप मिळाला.

त्यांचे गाव भातकुलीकडे. त्या बाजूच्या विहिरी खाऱ्या. लहानपणापासून ते पाणी पिऊन त्यांची जीभ तशीच झाली होती. अकोल्यात ते गोड्या पाण्याच्या तांब्यात चिमूटभर मीठ टाकून पीत. पाहुण्याला पाणी देतानाही विचारीत, "मीठ टाकू?" बहुतेक पाहुणे हसत. घरमालक थांबून राहत, कारण तो खराखुरा प्रश्न होता.

अमेरिकेतल्या लढाईने कापूस महागला, त्या तेजीच्या दिवसांत लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीत त्या हिवाळ्यात फक्त घरमालकांच्या घरी गादी होती. मालकीणबाईंना त्याचे दुःख होते. "साऱ्या गल्लीच्या बाया चटईवर झोपून राहिल्या अन् अंगावर सोनं घालून राहिल्या," त्या म्हणत. "मीच एकली गादीवर."

अशा घरात ती पेटी आली. साहेबाला या प्राण्यांचा नाद होता. मुंबईच्या खाडीतून त्याने ते मडक्यांत घालून आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने आणवले होते, आणि त्यांच्यासाठी पिपांतून समुद्राचे पाणीही येत असे. मासे हाताच्या बोटाएवढे, रुपेरी, अंगावर तीन वळलेल्या काळ्या रेघा. हातात धरले की कुरकुर आवाज करीत. साहेब मोडक्या हिंदुस्तानीत दोन गोष्टी बोलला. एक, दिवाळीपर्यंत येतो. दुसरी, "पानी साफ, खाना कम."

घरमालकांनी मान डोलावली आणि तांब्या मागवला. पेटी पाण्यासकट काट्यावर चढणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी पेटीतल्या पाण्याचा एक तांब्या भरून तराजूत तोलला आणि तराजूला त्या वजनाची खूण करून ते साहेबाला दाखवले. साहेबाने ते पाहिले असेल असे वाटत नाही. त्याची गाडी निघायची होती.

बाजारात त्या दिवसांत कोणी कोणाला ओळखत नव्हते. ज्यांनी वाढत्या भावात कापूस घेण्याचा शब्द दिला होता, त्यांना तो शब्द आठवत नव्हता. साहेबाची कंपनीही बुडाली असे लोक म्हणत. एक दलाल घरमालकांना म्हणाला, "बापू, सायब काई येत नाई आता. मासे नदीत सोडा अन् पेटीत लोनचं घाला."

"ठेव हाये," घरमालक म्हणाले.

"ठेव सोन्याची असते. मासोळ्यायची काहून असीन?"

"ठेवनाऱ्यानं काय ठेवलं, थे ठेवनाऱ्याले मालूम."

यानंतर त्यांना एकच काम उरले. साहेब परत येईपर्यंत मासे जिवंत ठेवायचे, आणि तेही अशा गावात जिथून समुद्र दिसतो असे कोणी स्वप्नातही म्हटले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत आले. "मास्तर, तुमी कोकनातले. मासे तुमाले समजतेत."

मी म्हटले, आमच्या घरी मासे खात नाहीत.

"खायाचं कोन म्हनून राहिलं? जगवाचं इचारून राहिलो."

मी म्हटले, जगवतही नाहीत.

 कोकणाविषयीचे त्यांचे मत त्या दिवसानंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

घरमालक माळकरी होते. त्यांच्या घरात मांस-मच्छीचे नावही निघत नसे. मासा म्हणजे नदीच्या घाटावर ज्याला पुण्यासाठी पिठाच्या गोळ्या टाकतात तो, एवढीच त्यांची ओळख. म्हणून त्यांनी मालकीणबाईंना कणीक मळायला सांगितली. साहेब 'खाणे कमी' म्हणाला होता, ते त्यांना पटले नव्हते. "पाहुन्याले कमी वाढा म्हन्ते. सायबाची जातच कंजूस," असे म्हणून ते गोळ्या टाकीत, आणि माशांनी तोंड फिरवले की आग्रह करीत. मालकीणबाई दिवसभर कपाळाला हात लावीत, "लोकायच्या घरी लक्ष्मी आली, आमच्या घरी मासोळ्या," असे म्हणत, आणि पोळ्याच्या दिवशी त्यांनीच पेटीत पुरणपोळीचा घास टाकला. सणाच्या दिवशी दारातल्या जिवाला उपाशी कसे ठेवायचे?

पेटीतले पाणी ताकासारखे झाले. त्याला वास येऊ लागला. दोन मासे वर तरंगले. घरमालकांनी ते अंगणात पुरले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पिंजारीचाचा आमच्या घराला लागून राहत. कापूस पिंजणे हा त्यांचा धंदा. तेजीत पिंजायला कापूसच कोणाकडे उरला नव्हता. आता भाव पडल्यावर गाद्या पुन्हा भरल्या जात होत्या आणि चाचांची धनुकली दिवसभर वाजत होती. वासाने ते ओसरीवर आले, पेटीत डोकावले आणि म्हणाले, "क्या भाऊ, मच्छीले पुरनपोळी चारता काय?"

"मंग काय चारू?"

"मच्छी मच्छी खाती. कीडा खाती. गोश्त खाती. पोळी तो तुमी खाव."

घरमालकांनी कानांवर हात ठेवले. पण पाण्याचे काही करायला हवे होते, ते त्यांना मान्य होते. त्या दोघांनी मिळून ओसरीत तिवई उभी केली. तिच्यावर एकाखाली एक तीन मडकी, प्रत्येकाच्या बुडाला भोक. वरच्या मडक्यात चाचांनी पिंजलेला स्वच्छ कापूस, मधल्यात धुतलेला कोळसा, खालच्यात पूर्णेची वाळू. वाळू किती धुवायची यावर वाद झाला. शेवटी धुतलेले पाणी घरमालकांनी स्वतः पिऊन पाहिले आणि वाळू मंजूर केली. रोज सकाळी पेटीच्या तळाचे गढूळ पाणी वाटीने काढून वरच्या मडक्यात ओतायचे; ते तिन्ही मडक्यांतून झिरपून थेंबाथेंबाने पुन्हा पेटीत पडे. चौथ्या दिवशी तळाची वाळू दिसू लागली. मासे थेंब पडत तिथे येऊन तोंड वर करून उभे राहत. कापूस मळला की बदलायचा. ज्या कापसासाठी वर्षापूर्वी लोकांनी गाद्या फाडल्या होत्या, तो आता माशांचे पाणी गाळून आमच्या कुंपणावर वाळत पडे. जाणारे-येणारे थांबून पाहत. काहींनी हळहळ व्यक्त केली, कापसाबद्दल.

पाणी निवळले, पण मासे रोडावत होते. त्यांच्या पाठीची धार दिसू लागली. घरमालकांनी मुगाची डाळ करून पाहिली, भिजवलेले तीळ करून पाहिले. मासे ते तोंडात घेत आणि बाहेर टाकत. मग एका संध्याकाळी चाचा पळसाच्या पानात बारीक चिरलेली बकऱ्याची कलेजी घेऊन आले. घरमालक पाहून ओसरीबाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. चाचांनी चिमटीने दोन-तीन तुकडे टाकले, आणि उरलेले पान परत घेतले, "सायब बरोबर बोला था, कम."

"झालं काय?" बाहेरून घरमालकांनी विचारले.

"हो गया, भाऊ."

घरमालक आत आले, आंघोळ केली आणि पेटीकडे न पाहता म्हणाले, "खाल्लं त्यायनं?"

"टूट पडे."

त्या दिवसापासून दिवसाआड हाच क्रम झाला. चाचा येत, घरमालक बाहेर जात. पाठीच्या धारा भरून आल्या.

ही गोष्ट भजनमंडळींत गेली. तिथले बुवा म्हणजे घरमालकांचे गुरुबंधू; दोघांनी एकाच दिवशी माळ घातली होती. बुवा एक दिवस दुपारी आले. मी खोलीत वह्या तपासत होतो, दार उघडे होते.

"घरात मास येते म्हन्तात," बुवा म्हणाले.

"मी आनत नाई. चाचा आनतेत."

"चारते कोन?"

"चाचाच चारतेत. मी रस्त्यावर असतो."

"घर कोनाचं?"

"माह्यं."

"मंग माळकऱ्याच्या घरात मास आलं का नाई?"

"घरात नाई आलं. पेटीत गेलं. पेटी सायबाची हाये."

बुवांनी यावर विचार केला. ते न्यायी गृहस्थ होते. "पेटी सायबाची हाये तवरिक ठीक," असे म्हणून त्यांनी पाणी मागितले. घरमालकांनी मीठ टाकू का म्हणून विचारले. बुवा नको म्हणाले.

उन्हाळा आला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याविषयी परक्याला सांगण्यात अर्थ नाही. पेटीभोवती ओली पोती गुंडाळली तरी पाणी रोज बोटभर खाली जाई. साहेबाची पिपे केव्हाच बंद झाली होती. घरमालकांनी विचार केला की समुद्र खारा आणि आपली भातकुलीची विहीरही खारी, तेव्हा दोघांचे नाते आहेच. त्यांनी गाडी जुंपून गावाकडून विहिरीचे पाणी आणवले आणि पेटी काठोकाठ भरली. ते त्या दिवशी फार आनंदात होते. गावचे पाणी घरी आले म्हणून ते स्वतःही दोन तांबे प्याले. असे दोन-तीनदा झाले. मग मासे खाईनात. पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले आणि एक आडवा झाला.

घरमालकांनी पेटीतला तांब्या भरून तोलला. पहिल्या दिवसाच्या वजनाहून पारडे खाली गेले. त्यांनी पुन्हा तोलला. मग पारड्यापुढे मांडी घालून बसले. पाणी तेच, तांब्या तोच, वजन जास्त. हे त्यांच्या आयुष्यात घडले नव्हते.

मालकीणबाई भाकऱ्या थापता थापता आतून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? वरन आटलं तं खारट होते. त्यात आनखी खारट कोन घालते? साधं पानी टाका."

घरमालकांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मी थेच म्हनून राहिलो होतो."

"तुमी कई म्हनलं?"

"मनात."

त्यांनी थोडे थोडे गोडे पाणी घातले, एकदम नाही. संध्याकाळी तोलले, सकाळी तोलले. पारडे पहिल्या दिवसाच्या खुणेला आले तेव्हा मासे पेटीभर फिरू लागले होते. त्यानंतर रोज एक तांब्या तोलायचा आणि जड भरला तर गोडे पाणी घालायचे, हे त्यांच्या स्नानसंध्येसारखे झाले. तोलताना मासे काचेशी गर्दी करीत. पेटी पुसायला एखाद्याला हातात घेतले की तो कुरकुरे आणि घरमालक "झालं, झालं, आलं," अशी त्याची समजूत घालीत. स्वतःच्या नातवंडांशी ते इतके बोलत नसत.

ठरलेली दिवाळी त्याआधीच होऊन गेली होती. पुढचीही झाली. साहेब आला नाही. गावात त्यांची चेष्टा होई, पण बाजारात कोणाला काही विश्वासाने ठेवायचे असले तर लोक त्यांच्याकडेच येत. चेष्टा करणारेही येत.

साहेब तिसऱ्या वर्षी आला. नागपूरकडे रेल्वेच्या कामावर निघाला होता, वाटेत अकोल्यास उतरला होता. कपडे उसवलेले, दाढी वाढलेली. काट्याजवळ घरमालकांनी त्याला ओळखले. त्याने त्यांना ओळखले नाही. ते त्याला हाताला धरून घरी घेऊन आले.

तो पेटीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ये अभी तक जिंदा है?" मग हसला. बराच वेळ हसला आणि मग हसायचा थांबला आणि खाली बसला. मासे आता वीतभर झाले होते. तीनच उरले होते.

"ठेव घेऊन जा," घरमालक म्हणाले. मी ते त्याला समजावून सांगितले. साहेब म्हणाला, त्याला राहायला घर नाही, पेटी कुठे ठेवणार? "तुम रखो. बक्षीस."

"ठेवीचं बक्षीस होत नाई. पैले पोचली म्हना."

त्यांनी तांब्या भरला, तराजू धरला आणि जुनी खूण दाखवली. पारडे तिथेच उभे राहिले. साहेबाने टोपी काढली. तो त्या तराजूकडे अशा रीतीने पाहत होता की मी खोलीत निघून गेलो.

"पोचली?" घरमालकांनी विचारले.

"पोचली," साहेब मराठीत म्हणाला. मग पेटीवर हात ठेवून म्हणाला, "अब मेरा है? तो अब मैं तुमको देता हूं."

तो गेला. घरमालक ओसरीवर बसून राहिले. दुपारी एक दलाल मोकळे झालात म्हणून त्यांचे अभिनंदन करून गेला. संध्याकाळी पिंजारीचाचा नेहमीप्रमाणे पान घेऊन आले. घरमालकांनी त्यांना पायरीवरच थांबवले.

"काहून? मच्छीले एकादशी हाय काय?"

"पेटी माही झाली, चाचा."

चाचांना लगेच समजले. "मी डालतो ना. तुमी बाहर जाव. कोन पूछता?"

"सायबाची होती तवरिक तुमी चारलं. आता माह्या घरात माह्या जिवाले दुसऱ्याच्या हातानं चारलं तं थे माह्यंच झालं. मंग हातच दुसऱ्याचा काहून?"

"फिर छोड दो नदी में."

"गोड्या पान्यात?" घरमालक म्हणाले.

 घरमालकांनी गळ्यातली माळ काढली आणि तुळशीवर ठेवली. हात जोडले. मग चाचांच्या हातातले पान घेतले, पेटीपाशी गेले आणि चिमटीने एक एक तुकडा पाण्यात सोडला. थोडाच. मासे त्यांच्या बोटांपाशी आले. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या घरात मी शांतता पहिल्यांदा ऐकली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बुवांकडे जाऊन सांगून आले. त्यानंतर भजनाला ते देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसत. टाळ आत राहिले. ते मांडीवर बोटांनी ठेका धरीत. कोणी त्यांना पायरीवर बसा असे सांगितले नव्हते, आणि आत या असेही कोणी म्हणाले नाही.

मासे आणखी काही वर्षे जगले. शेवटचा एका हिवाळ्यात गेला. पाणी स्वच्छ होते आणि वजन बरोबर होते; घरमालकांनी दोन्ही पाहिले. म्हातारा झाला होता, एवढेच. काही दिवसांनी बुवा घरी आले. त्यांचेही आता वय झाले होते. त्यांनी बरोबर नवी माळ आणली होती.

"मासे गेले," बुवा म्हणाले. "आता काय अडचन हाये? घाल."

"मासे गेले," घरमालक म्हणाले. "म्या चारलं थे कुठी गेलं?"

बुवांनी माळ परत उपरण्यात गुंडाळली. निघताना त्यांनी स्वतःहून पाणी मागितले आणि मीठ टाकायला सांगितले. त्यानंतर भजनाच्या दिवशी बुवाही बाहेर येऊन पायरीवर बसू लागले आणि तिथूनच अभंग सांगू लागले. आतल्यांना ऐकू कमी येई.

पिंजारीचाचा आधीच गेले होते, बुवा मागच्या वर्षी गेले, आणि गेल्या महिन्यात घरमालक गेले. मी अजून त्याच खोलीत राहतो. पेटीची काच तडकली तेव्हा ती एका गाडीवाल्याने नेली. मालकीणबाईंना आता डोळ्यांनी दिसत नाही. दिवेलागणीला त्या ओसरीकडे तोंड करून विचारतात, "मासोळ्यायचं पानी गाळलं काय?" घरात जो कोणी असेल तो हो म्हणतो.